जानमाजेची नक्षी आणि यंत्र

नमाजासाठी अंथरल्या जाणाऱ्या लहानशा आसनास दख्खनी बोलीत, आणि तिच्या द्वारे मराठीत, तीन नावे मिळाली आहेत : जानमाज, मुसल्ला आणि सज्जादा. पैकी जानमाज हे फारसी. 'जा' म्हणजे जागा. तेव्हा जा-नमाज म्हणजे नमाजाची जागा. शब्द सलग उच्चारला की मधला 'न' पूर्वपदाला चिकटल्यासारखा वाटतो आणि 'जान-माज' असा विग्रह ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो. तो अर्थातच चुकीचा आहे. (ह्यातील 'नमाज' हा शब्द अरबी नसून इराणी आहे आणि संस्कृत 'नमस्' हा त्याचा सख्खा भाऊबंद आहे, हेही जाता जाता नमूद करण्याजोगे.) मुसल्ला हा 'सलात' ह्या प्रार्थनावाचक शब्दाच्या धातूपासून साधलेला स्थलवाचक शब्द होय. सज्जादा हा सजदा आणि मशीद ह्या शब्दांच्या कुळातला. जिच्यावर माथा टेकावयाचा ती सज्जादा, आणि जेथे माथा टेकावयाचा ती मशीद.

तिन्ही नावे शेजारी शेजारी ठेवली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. ह्या वस्तूच्या एकाही नावात कापड नाही. इतर अंथरुणांची नावे अशी नाहीत. 'गालिचा' ह्या शब्दात मूळ वस्तू आणि तिचे लहानपण दोन्ही आहेत. 'बगीचा'मध्ये जो लघुत्वदर्शक प्रत्यय दिसतो तोच येथेही आहे. 'सतरंजी' तिच्या चौकटीच्या नक्षीवरून ओळखली जाते. आपल्याच 'चतुरंगा'ने इराणात जाऊन 'शतरंज' हे रूप घेतले आणि तो पुन्हा आपल्या ओसरीवर येऊन पसरला. जानमाज मात्र लोकरीची आहे की सुती, गाठींची आहे की सपाट विणीची, ह्याविषयी तिचे नाव मौन पाळते. ते सांगते ते एवढेच की ही एक जागा आहे आणि येथे एक क्रिया व्हावयाची आहे. हा अर्थ किती दूर जाऊ शकतो हे 'सज्जादानशीन' ह्या शब्दावरून कळते. दर्ग्याच्या उत्तराधिकाऱ्यास सज्जादानशीन म्हणतात, म्हणजे शब्दशः आसनावर बसलेला. मराठीत मठाची 'गादी' आणि त्या 'गादीवर बसणे' ह्यांना जो अर्थ प्राप्त झाला आहे, त्याचीच ही जुळी वाट म्हणावी लागेल.

आधुनिक यंत्रे आणि जानमाजेची पारंपरिक नक्षी ह्यांचा मेळ कसा बसतो, किंवा का बसत नाही, ह्याची चिकित्सा करताना ही नामचर्चा केवळ प्रास्ताविक ठरत नाही. ज्या वस्तूच्या नावातच कापड नाही तिच्या बाबतीत 'हाताने विणलेले ते खरे आणि यंत्राने विणलेले ते खोटे' हा नेहमीचा निकष पंगू ठरतो. हस्तकलेच्या अभिमान्यांना हे रुचणार नाही. परंतु भेंडोळ्यातून कापलेल्या जाड्याभरड्या सुती तुकड्यावर पढलेली नमाज आणि रेशमी गाठींच्या गालिचावर पढलेली नमाज ह्यांत पढणाऱ्याच्या दृष्टीने भेद नाही. तेव्हा प्रश्न विचारावयाचा तो असा : जागा दाखविण्याचे आणि दिशा दाखविण्याचे जे काम ही नक्षी करीत आली, ते काम नव्या यंत्रामुळे अधिक नीट होते, तसेच राहते, की बिघडते?

हा प्रश्न भिंगारच्या संदर्भात विचारणे अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. अहमदनगर शहरास (२०२४ पासून अहिल्यानगर) लागून असलेले हे गाव विणकरांचे म्हणून जुने. नगर वसल्यावर, म्हणजे इ. स. १४९४ च्या सुमारानंतर, कोष्टी समाजातील एका सधन गृहस्थाने येथील विणकामाचा पाया घातला, अशी परंपरागत माहिती आहे. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात जिल्ह्यातील लुगडी व पागोटी विणण्याच्या धंद्याचे सविस्तर वर्णन आले आहे आणि त्यात भिंगारला महत्त्वाचे स्थान आहे. यंत्रसुधारणेचा विचारही ह्या परिसराला नवा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल ह्यांनी नगर येथे सुधारित हातमाग सिद्ध केला. विणकराच्या हातून माग काढून न घेता त्याच माणसाची गती वाढवावी हा त्यामागील हेतू होता. भिंगारच्या मागांवर निघाली ती मुख्यतः लुगडी; जानमाज हा येथील मागाचा नव्हे, येथील घराचा विषय आहे. तरीही ज्या गावाला ताणा आणि बाणा ह्यांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्या गावी बसून, बाहेरून आलेल्या एका विणलेल्या वस्तूचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये. शिवाय औरंगजेबाचा मृत्यू १७०७ मध्ये झाला तो ह्याच परिसरात. भिंगारनजीकचा आलमगीर दर्गा त्या घटनेचे स्मारक आहे. १६४७ मधील बल्खच्या मोहिमेत भर लढाईत, नमाजाची वेळ झाली म्हणून, हा राजपुत्र हत्तीवरून उतरून नमाज पढला, अशी हकीकत तत्कालीन इतिहासकारांनी नोंदविली आहे. त्या प्रसंगाचे राजकीय मूल्यमापन कसेही होवो. जागा निर्माण करणे म्हणजे काय, हे त्यावरून फार स्पष्ट दिसते. रणभूमीचा दोन हात तुकडा काही क्षणांपुरता रणभूमी राहात नाही.

पारंपरिक जानमाजेच्या नक्षीचा कणा म्हणजे मेहराब, म्हणजेच कमान. मशिदीच्या पश्चिम भिंतीत जो कोनाडा असतो त्याची ही विणलेली छाया. नगरच्या किल्ल्याच्या पूर्वेस असलेली दमडी मशीद (१५६७) कोरीव दगडकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथे किंवा दुसऱ्या कोणत्याही जुन्या मशिदीत उभे राहिले म्हणजे कोनाड्याचा एक विशेष लक्षात येतो : कलाकुसर कितीही असली तरी ती कडांवर असते, आणि कोनाड्याच्या आत काहीही ठेवलेले नसते. मूर्ती नाही, ग्रंथ नाही, चिन्ह नाही. कोनाडा म्हणजे कशाचे तरी स्थान नसून कशाकडे तरी केलेला निर्देश आहे. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर तो नाम नाही, दर्शक सर्वनाम आहे. 'तो', 'ते', 'तिकडे' ह्या शब्दांना स्वतःचा असा आशय नसतो. बोलणारा जेथे उभा असेल तेथून त्यांचा अर्थ सुरू होतो. जानमाजेवरील कमान नेमके हेच करते. ती घडी घालून काखोटीला मारली की तिला अर्थ उरत नाही. अंथरली आणि तिच्यावर माणूस उभा राहिला की ती 'तिकडे' असे म्हणू लागते. आग्र्याच्या ताजमहालालगतच्या मशिदीत फरशीवरच पाचशेहून अधिक जानमाजांच्या आकृती दगडात उमटविल्या आहेत. तेथे कापड नाहीसे झाले, पण निर्देश शिल्लक राहिला.

ह्या सर्वनामाचाही इतिहास आहे, आणि तो कोणत्याही भाषेच्या इतिहासासारखाच झिजेचा आणि भरीचा आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ऑटोमन दरबारी जानमाजांवर तीन कमानी दिसतात, त्यांना आधार देणारे जोडखांब दिसतात आणि मधल्या कमानीत लोंबणारा दिवा दिसतो. ह्या वर्गातील एक उत्कृष्ट नमुना न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. कोनाड्यातील दिव्याचे रूपक कुराणात आलेले असल्यामुळे ह्या दिव्यास भक्कम आधार आहे. पुढे दरबारातून ही नक्षी अनातोलियातील खेड्यांत गेली. तेथील विणकर स्त्रियांनी ती पाहून पाहून विणली, आणि दर पिढीत थोडी बदलली. खांबांची तळखडी गेली. काही ठिकाणी खांब जमिनीपासून सुटून कमानीखाली तरंगू लागले. शेवटी त्यांचे नुसते पट्टे झाले. दिव्याची फुलदाणी झाली, फुलदाणीचा गुच्छ झाला. विभक्तिप्रत्यय झिजून एखादा स्वर तेवढा उरावा तसा हा प्रकार. पण लक्षात घेण्याची गोष्ट ही की ह्या सर्व झिजेत कमान टिकली. शहाजहानच्या काळातील जो प्रसिद्ध मोगल नमुना 'ऐनार' ह्या नावाने ओळखला जातो त्यात कमानीच्या आत एकच भरघोस फुलझाड आहे. म्हणजे रिकामी जागा भरलेली आहे. तरीही ते झाड मुळापासून शेंड्याकडे, म्हणजे कमानीच्या टोकाकडेच वाढते. अलंकार आला, पण तो निर्देशाच्या आज्ञेत राहिला. भर घातल्याने नक्षी बिघडतेच असे नाही, हे ह्या एका उदाहरणाने सिद्ध होते. आणि 'रिकामेपण हीच शुद्धता' असे सरसकट विधान करणाऱ्यांना ते अडचणीचे आहे.

आता यंत्राकडे वळता येईल. १८०४ मध्ये लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्ड ह्याने आपल्या नक्षीयंत्राची सनद मिळविली. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची साखळी मागावर फिरते. प्रत्येक पत्ता बाण्याच्या एका धाग्यापुरता सांगतो की ताण्याचे कोणते धागे उचलावेत. ह्या यंत्राने सोलापूरच्या चादरीला तिचे रूप दिले हे महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. परंतु चादरीची नक्षी आणि जानमाजेची नक्षी ह्यांत ह्या यंत्राच्या दृष्टीने एक मूलभूत फरक आहे, आणि त्याकडे क्वचितच लक्ष जाते. चादरीच्या नक्षीला डोके आणि पाय असण्याची सक्ती नाही. तीच वेलबुट्टी पुन्हा पुन्हा आली तरी चालते. मध्यापर्यंत जाऊन साखळी उलटी फिरविली तरी चालते. त्यामुळे थोड्या पत्त्यांत मोठे कापड निघते. कमानीचे तसे नाही. कमान डावीउजवीकडे सारखी असते, म्हणून रुंदीत अर्धे काम वाचते. पण वर आणि खाली ती सारखी असूच शकत नाही. तशी झाली तर ती दिशा दाखविणार नाही. म्हणून लांबीत पुनरावृत्तीची सवलत नाही, आणि प्रत्येक आडव्या धाग्याला स्वतंत्र पत्ता लागतो. जानमाज ४४ इंच लांब धरली आणि इंचाला २४ धागे धरले, तर पत्त्यांची संख्या १,०५६ होते. त्याच प्रतीच्या चादरीला आठ इंचांची नक्षी पुरेशी असेल तर पत्ते १९२ लागतील. पत्ता पाडणाऱ्याची मजुरी, पुठ्ठ्याची किंमत, साखळी ठेवण्याची अडचण, हे सर्व ह्या प्रमाणात वाढते.

ह्याचा परिणाम काय झाला हे कलासमीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पत्ता महाग असेपर्यंत कमान साधी राहिली. नक्षीकाराला प्रत्येक रेषेचा हिशेब द्यावा लागे, आणि हिशेब देणारा माणूस अनावश्यक बोलत नाही. सपाट विणीच्या सुती जानमाजांतही, जरा वेगळ्या कारणाने, हेच घडले. तेथे वक्ररेषा काढणे कठीण असल्यामुळे कमान पायऱ्यापायऱ्यांची होते, आणि त्या पायऱ्यांनी तिला एक खणखणीत स्पष्टता येते. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंद येथे मुसलमान स्त्रिया उभ्या मागावर हातांनी जमखाने विणतात, आणि त्यांच्या कामात जानमाज हा एक वेगळा प्रकारच मानला जातो. मुंबई इलाख्याच्या जुन्या हद्दीत जानमाज विणण्याची जिवंत परंपरा पाहावयाची असेल तर आज तिकडेच जावे लागेल. साधनाची मर्यादा ही तेथे शैलीची जननी झाली आहे. काव्यशास्त्राच्या अभ्यासकास ह्यात नवे काही वाटू नये; ओवीची आणि अभंगाची बांधणीही अशाच मर्यादेतून आली.

१९८३ मध्ये मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीने विद्युत्-नियंत्रित जॅकार्ड मांडले आणि पुठ्ठ्याचा पत्ता हळूहळू इतिहासजमा झाला. नक्षी आता संगणकाच्या स्मृतीत असते. हजार धाग्यांची नक्षी आणि पन्नास धाग्यांची नक्षी ह्यांच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक राहिला नाही. वस्तुतः ह्या मुक्तीचा सर्वांत अधिक लाभ जानमाजेला व्हावयास हवा होता, कारण सर्वांत अधिक भुर्दंड तिलाच बसत होता. झाले ते निराळेच. आज भिंगारसारख्या गावी घरोघर दिसणाऱ्या जानमाजा बहुधा कृत्रिम धाग्याच्या, मखमलीसारख्या लवेच्या आणि तुर्कस्तान किंवा चीनमध्ये विणलेल्या असतात. हज किंवा उमऱ्याहून परतणारे आप्त त्या भेट म्हणून आणतात. त्यांपैकी कित्येकांवर कमान आक्रसून चौकटीपुरती उरली आहे आणि तिच्या आत काबा, मदिनेच्या मशिदीचा हिरवा घुमट, मिनार, झुंबरे अशी चित्रे आली आहेत. तंत्र निर्दोष आहे. रंगांच्या छटा छायाचित्राच्या जवळ जातात. पण दर्शक सर्वनामाची जागा येथे नामाने घेतली आहे. 'तिकडे' असे म्हणणारी वस्तू आता 'काबा' असे म्हणू लागली.

हा बदल केवळ अभिरुचीचा नाही. 'तिकडे' म्हटल्यावर ऐकणारा तिकडे पाहतो. नाव उच्चारल्यावर तो नावापाशी थांबतो. ज्या वास्तूकडे तोंड करावयाचे तीच पायांपुढे हातभर अंतरावर चितारलेली असली म्हणजे निर्देश जवळच्या जवळ संपतो, आणि दोन हजार मैलांचे अंतर, जे कमानीच्या रिकाम्या पोटात सामावलेले होते, ते नाहीसे होते. शिवाय चित्र हे उभ्या भिंतीवर पाहण्यासाठी काढलेले असते. कमान जमिनीवर आडवी केली तरी तिचे दार होते; घुमटाचे चित्र आडवे केले की ते आडवे पडलेले चित्रच राहते. घडी घालताना, झटकताना, पाय पडू नये म्हणून जपताना अनेक भाविकांना जो संकोच वाटतो तो ह्यामुळेच. कमानीच्या बाबतीत असा संकोच कोणाला वाटल्याचे ऐकिवात नाही.

ह्या आक्षेपाला परंपरेतच पूर्वाधार आहे. नक्षीदार वस्त्र अंगावर घेऊन नमाज पढताना पैगंबरांचे लक्ष त्या नक्षीकडे गेले, तेव्हा ते त्यांनी देणाऱ्याकडे परत धाडले आणि त्याऐवजी साधे वस्त्र मागवून घेतले, अशी हदीस बुखारीच्या संग्रहात आयेशांच्या कथनातून आली आहे. विशेष असा की त्या वस्त्राची निंदा झाली नाही, किंवा देणाऱ्याचा अवमानही झाला नाही. बदल्यात दुसरे वस्त्र मागवून त्याचा मान राखला गेला. ते फक्त त्या कामासाठी अयोग्य ठरले. उपयोजित कलेच्या समीक्षेचा इतका नेमका नमुना सातव्या शतकात दुसरीकडे सापडणे कठीण. अवधान हाच निकष. सौंदर्य, किंमत, कारागिरी हे सर्व त्यानंतर.

दिशादर्शक यंत्रांचा विचार ह्याच निकषाने करावा लागतो. होकायंत्र शिवलेल्या जानमाजा बाजारात येऊन आता बराच काळ लोटला. प्रवाशाला त्यांचा उपयोग होतो हे निर्विवाद. परंतु कमान आणि सुई ह्यांच्या 'तिकडे' म्हणण्यात फरक आहे. सुईला टोक असते. कमानीला रुंदी असते. भिंगारहून मक्केची दिशा मोठ्या वर्तुळाच्या गणिताने काढली तर ती पश्चिमेच्या सुमारे १० अंश उत्तरेस येते. रोजच्या व्यवहारात मात्र पश्चिम म्हणजेच किबला ही ओळख आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे, आणि मक्केपासून दूर असलेल्या माणसास ती बाजू पुरेशी आहे, नेमका बिंदू साधण्याचे बंधन नाही, असे हनफी शास्त्रकार सामान्यतः मानतात. म्हणजे कमानीची रुंदी ही विणकराची ढिलाई नव्हती. शास्त्राने दिलेली सवलत आणि नक्षीने घेतलेली रुंदी ह्यांचा तो सुसंवाद होता. सुई हा सुसंवाद मोडते. ती माणसाला बाजूवरून बिंदूवर आणते आणि जेथे प्रश्न नव्हता तेथे शंका उत्पन्न करते. २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर अंतराळस्थानकात गेले तेव्हा तेथील किबल्यासाठी त्यांच्या देशात खास मार्गदर्शिका तयार झाली. त्या मार्गदर्शिकेचा रोख, शक्य तितके करा आणि उरलेले सोडून द्या, असाच होता. वेगाने फिरणाऱ्या स्थानकातही जी उदारता चालते ती भिंगारच्या ओसरीत का चालू नये?

ह्या पार्श्वभूमीवर सोनेर ओझेंच ह्या तुर्की वंशाच्या, लंडनमध्ये काम करणाऱ्या अभिकल्पकाची 'एल सज्जादा' ही निर्मिती पाहण्यासारखी आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुढे आलेल्या ह्या जानमाजेवर विजेने प्रकाशणाऱ्या द्रव्याने नक्षी छापली आहे, आणि तीत दिशाशोधक बसविला आहे. जानमाज किबल्याकडे वळवीत जावे तसतशी नक्षी उजळत जाते. आतापर्यंत उल्लेखिलेल्या यांत्रिक प्रयोगांत हा सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे, असे निःशंकपणे म्हणता येईल. त्यात चित्र नाही, सुई नाही, अंक नाहीत. प्रकाश क्रमाने वाढतो, म्हणून त्याच्या 'तिकडे'लाही कमानीसारखी रुंदी आहे. शिवाय ऑटोमन कमानीतला जो दिवा झिजून गुच्छ झाला होता, तो येथे जणू पुन्हा दिवा झाला. लुप्त झालेला अर्थ शब्दाला परत मिळावा, असा हा दुर्मिळ योग. दोष आहे तो काळाचा. दिशा सापडेपर्यंत प्रकाश हा निर्देश असतो. दिशा सापडल्यावर, प्रत्यक्ष नमाजात, तोच प्रकाश कपाळाखाली तेवत राहिला तर तो अवधानाचा प्रतिस्पर्धी होतो, आणि हदीसमधील त्या नक्षीदार वस्त्राची आठवण करून देतो. बोलून झाल्यावर गप्प बसणे हे चांगल्या सर्वनामाचे लक्षण आहे.

कतारमध्ये एका अभियंत्याने तयार केलेल्या जानमाजेत वरच्या भागी पडदा आहे आणि त्यावर पठणाचे शब्द ओळीने उमटतात. रकाती मोजणारी साधनेही निघाली आहेत. लहान मुले आणि नव्याने शिकणारी मंडळी ह्यांना त्यांची मदत होते, आणि ती उपेक्षणीय नाही. परंतु ती पाटी आहे, जानमाज नव्हे. पाटीवर अक्षर गिरवून झाले की पाटी बाजूस ठेवावयाची असते. तेवढे ध्यानात ठेवले तर वादाचे कारण नाही.

एक लहानशी रीत मात्र ह्या सर्व उपकरणांच्या आड येते. नमाज झाल्यावर जानमाजेचा एक कोपरा दुमडून ठेवण्याची चाल आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. न दुमडल्यास सैतान तीवर नमाज पढतो, असे वडीलधारी माणसे मुलांना सांगतात. शास्त्राचा त्यास आधार असो वा नसो, अर्थाच्या दृष्टीने ही कृती फार बोलकी आहे. दुमडलेला कोपरा म्हणजे जानमाजेचा पूर्णविराम. जागा आता जागा राहिली नाही, पुन्हा वस्त्र झाली, असे तो सांगतो. तारा, घट आणि पडदा बसविलेल्या जानमाजेचा कोपरा मोडत नाही. बंद करण्यासाठी तिला कळ दाबावी लागते. उपकरण सिद्ध करणाऱ्याला ही अडचण क्षुल्लक वाटेल. पण वस्तूच्या वापरातील व्याकरण बहुधा अशाच क्षुल्लक जागी राहते.

यंत्रयुगाने जानमाजेला दिलेली सर्वांत उपकारक देणगी नक्षीत नाही, पोटात आहे. कृत्रिम फेसाचा जाड थर आत घातलेल्या जानमाजांमुळे गुडघ्यांच्या दुखण्याने त्रस्त झालेल्या कितीतरी वृद्धांना जमिनीवर नमाज पढणे पुन्हा शक्य झाले आहे. ह्या सुधारणेविषयी कोणी लेख लिहीत नाही, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ४ जून २०२० रोजी केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रार्थनास्थळांसाठी काढलेल्या नियमावलीतही, सामायिक आसने टाळावीत आणि प्रत्येकाने स्वतःची चटई किंवा कापड आणावे, असे कलम होते. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे त्या वर्षी १६ नोव्हेंबरला उघडली. मशिदीच्या सामायिक गालिचावर ज्यांची स्वतंत्र जागा केवळ एका रेषेने दाखविलेली असे, त्यांच्या हाती त्या निमित्ताने पुन्हा आपापली जानमाज आली. तिच्यावर काबा होता, कमान होती की काहीच नव्हते, हे नियमावलीने विचारले नाही.

विणकराचा प्रश्न ह्या चर्चेत मागे राहता कामा नये. भिंगारच्या मागांचे पूर्वीचे दिवस राहिलेले नाहीत, आणि घरोघरच्या जानमाजा समुद्रापलीकडून येतात. चर्चिल ह्यांच्या हातमागाचा हेतू माणसाची गती वाढविण्याचा होता. विद्युत्-जॅकार्डच्या बाबतीत माणूस नक्षी काढणाऱ्याच्या खुर्चीपाशी उरतो, आणि ती खुर्ची भिंगारात नाही. ती येथे येऊ शकली असती तर काय विणता आले असते, ह्याची कल्पना करून पाहण्यास हरकत नाही. पत्त्यांच्या बंधनातून सुटलेल्या मागाला डावीउजवीकडच्या सारखेपणाचीही गरज उरलेली नाही. म्हणजे प्रत्येक गावच्या किबल्यानुसार कललेली कमान विणता येईल : भिंगारसाठी १० अंश, कोल्हापूरसाठी सुमारे १४, नागपूरसाठी सुमारे ८. घराच्या भिंतीला समांतर अंथरलेली जानमाज आणि तिच्या पोटात त्या गावापुरती वळलेली कमान. हे हाताच्या मागाला परवडले नसते, जुन्या जॅकार्डला महाग पडले असते, आणि आजच्या यंत्राला त्याचे काहीच ओझे नाही.

ह्या कल्पनेतही खोट आहेच. कमान कलली आणि कापड सरळ राहिले तर उभ्या राहणाऱ्याचे खांदे कापडाशी तिरके होतात, शेजारच्याशी ओळ जुळत नाही, आणि परगावी नेल्यावर तीच जानमाज चुकीची बाजू दाखवू लागते. अडीच हात लांबीच्या प्रमाणात बोलावयाचे तर भिंगारचे १० अंश म्हणजे वरच्या टोकाला एका वितीहून थोडे कमी. पश्चिमेकडे तोंड करून जानमाज अंथरावी आणि तिचे वरचे टोक तेवढे उजवीकडे सरकवावे, म्हणजे साध्या, सरळ कमानीची जुनी जानमाजही नेमके तिकडेच पाहू लागते.